बीज, भूमी आणि पाऊलवाट : एका दीर्घकालीन खेळजगाचा संहिता म्हणून विचार

तुलनात्मक साहित्याभ्यासाने गेल्या काही दशकांत चित्रपट, चित्रकथा, मौखिक प्रयोग यांना आपल्या कक्षेत हळूहळू सामावून घेतले. संगणकीय खेळांना मात्र या शास्त्रात प्रवेश मिळाला तो वादाच्या दारातून. जॅनेट मरे यांचे 'हॅम्लेट ऑन द होलोडेक' आणि एस्पेन आर्सेथ यांचे 'सायबरटेक्स्ट' ही दोन्ही पुस्तके १९९७ या एकाच वर्षी प्रसिद्ध झाली आणि पुढील दशकभर एक प्रश्न घोळत राहिला : खेळ हा कथनाचा प्रकार मानावयाचा, की कथनमीमांसेच्या बाहेरचा, स्वतःचे नियम असलेला व्यवहार मानावयाचा? त्या वादाचे इतिवृत्त येथे पुन्हा सांगण्याचे प्रयोजन नाही. त्याने एक प्रदेश दृष्टीआड केला, एवढेच नोंदवावयाचे आहे. दोन्ही पक्षांनी उदाहरणादाखल घेतलेल्या बहुतेक खेळांत रचनाकाराने आधीच काही मांडून ठेवलेले असते : कथानक, कोडे, स्पर्धा, निदान शेवट तरी. ज्या खेळात यांपैकी काहीही सक्तीचे नाही आणि ज्याच्या एकाच जगात एकच माणूस वर्षानुवर्षे वावरत राहतो, त्या वावरातून जे तयार होते त्याला काय म्हणावे? ती कृती असेल तर तिचा कर्ता कोण? प्रस्तुत निबंध या मर्यादित प्रश्नापुरता आहे.

अशा खेळांना 'सँडबॉक्स' म्हणतात. लहान मुलांना खेळण्यासाठी वाळू भरून ठेवलेली चौकट, हा त्या शब्दाचा मूळ अर्थ. या वर्गातील सर्वांत प्रसृत खेळ 'माइनक्राफ्ट' होय. स्वीडनमधील मार्कस पर्सन यांनी मे २००९ मध्ये त्याचे पहिले रूप लोकांसमोर ठेवले. नोव्हेंबर २०११ मध्ये तो 'पूर्ण' म्हणून जाहीर झाला. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याची निर्माती कंपनी अडीच अब्ज डॉलरना विकत घेतली. २०२३ पर्यंत त्याच्या ३० कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. आपल्या दृष्टीने या आकड्यांपेक्षा त्याची घडण महत्त्वाची आहे. जग ठोकळ्यांचे असते. माती, दगड, लाकूड यांचा प्रत्येक ठोकळा काढता येतो आणि दुसरीकडे बसवता येतो. ही भूमी कोणी चितारून ठेवलेली नसते. नवे जग सुरू करताना एक संख्या दिली जाते अथवा यंत्र ती आपोआप निवडते. तिला 'सीड' म्हणजे बीज म्हणतात. या बीजावर गणिती प्रक्रिया करून डोंगर, दऱ्या, समुद्र उभे राहतात. १९८२ च्या 'ट्रॉन' या चित्रपटाच्या कामाच्या अनुभवातून केन पर्लिन यांनी जी कृत्रिम पृष्ठपोताची पद्धती शोधली, तीच या भूगोलाच्या मुळाशी आहे. भूमी एकदम तयार होत नाही, हे येथे विशेष ध्यानात घ्यावे. १६ गुणिले १६ ठोकळ्यांच्या चौरस खंडांत ती घडते, आणि खेळाडू जवळ येतो तेव्हाच घडते. एकदा घडली की खंड संगणकाच्या तबकडीवर नोंदला जातो. ज्या दिशेला कोणी गेले नाही, तिथे केवळ शक्यता असते. भूमी नसते.

या घडणीमुळे समीक्षकाच्या हाती एक असे साधन येते, जे साहित्याच्या अभ्यासकाला कधीच लाभलेले नाही. कोणत्याही कवितेत परंपरेचे किती आणि कवीचे किती, हा प्रश्न आपण नेहमी विचारतो. त्याचे उत्तर अदमासानेच द्यावे लागते, कारण कवीवाचूनची कविता आपल्यापाशी नसते. येथे ती असते. एखाद्याचे दहा वर्षांचे जग घ्यावे, त्याचे बीज पाहावे, त्याच आवृत्तीच्या खेळात तेच बीज पुन्हा पेरावे. जवळजवळ तंतोतंत तेच डोंगर, तेच किनारे परत उगवतात, फक्त माणूस तेवढा वगळून. मग पहिल्यातून दुसरे वजा करावे. जे उरेल तो कर्त्याचा वाटा : काढलेला प्रत्येक दगड, लावलेली प्रत्येक मशाल, बांधलेली प्रत्येक भिंत. कर्तृत्वाची इतकी निःसंदिग्ध व्याख्या आपल्या शास्त्रात दुसरी सापडणार नाही. ती पुरेशी आहे का, हेच तपासावयाचे आहे. आणि त्यासाठी जिथे ती जवळजवळ निरुपयोगी ठरते असेच उदाहरण घेणे इष्ट.

अमेरिकेतील एका खेळाडूने, जो कर्ट जे. मॅक या नावाने ओळखला जातो, मार्च २०११ मध्ये आपल्या माइनक्राफ्ट-जगाची ध्वनिचित्रमालिका सुरू केली. या मालिकेला पुढे 'फार लँड्स ऑर बस्ट' हे नाव मिळाले. सायमन पार्किन यांनी जानेवारी २०१४ मध्ये 'द न्यूयॉर्कर'साठी तिच्यावर लिहिल्यानंतर ती खेळाडूंच्या वर्तुळाबाहेरही ठाऊक झाली. तिचा विषय एका वाक्यात सांगता येतो : हा मनुष्य पश्चिमेकडे चालत आहे. त्याला 'फार लँड्स'ला, म्हणजे खेळाच्या भूमीच्या दूरस्थ टोकाला पोचावयाचे आहे. त्याच्यासोबत माणसाळवलेला एक लांडगा आहे. त्याचे नाव वुल्फी.

ही 'फार लँड्स' कोणी योजून निर्माण केलेली नव्हती, हे या उदाहरणाचे मर्म आहे. खेळाच्या आरंभीच्या आवृत्त्यांत भूमी घडवणारे गणित एका ठरावीक अंतरापलीकडे कोलमडत असे. ३२ बिटांच्या पूर्णांकात मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७ ही होय. मूळबिंदूपासून १,२५,५०,८२१ ठोकळ्यांच्या अंतरावर भूगणितातील एक गुणाकार ही मर्यादा ओलांडत असे. तिथून पुढे डोंगर-दऱ्यांऐवजी आकाशाच्या मर्यादेपर्यंत चढलेली, भोकाभोकांची, ताणून लांबवलेल्या बोगद्यांनी पोखरलेली एक प्रचंड भिंत उभी राही. पाठचिकित्सेच्या भाषेत बोलावयाचे तर हा अपपाठ होय : लेखनिकाच्या चुकीने संहितेत शिरलेला, पण स्वतःचे विलक्षण रूप असलेला. सप्टेंबर २०११ मध्ये आलेल्या 'बीटा १.८' या आवृत्तीत भूमी घडवण्याची रीत बदलली आणि हा अपपाठ दुरुस्त झाला. मॅक मागेच थांबला. 'बीटा १.७.३' या जुलै २०११ च्या आवृत्तीतच त्याने आपले जग ठेवले, कारण पुढल्या आवृत्तीत त्याचे गंतव्यच उरले नव्हते.

या एका निर्णयाची किंमत बारकाईने पाहण्याजोगी आहे. बीटा १.८ मध्येच खेळाडूला धावण्याची सोय प्रथम मिळाली. म्हणजे ज्या आवृत्तीत वेगाने जाता येते तिच्यात जायला ते ठिकाण नाही, आणि ज्या आवृत्तीत ते ठिकाण आहे तिच्यात फक्त चालता येते. चालण्याचा वेग सेकंदाला सुमारे ४.३ ठोकळे, या हिशेबाने वाटेत कुठेही न थांबता, समुद्र न ओलांडता, रात्री राक्षसांपासून लपण्यासाठी जमिनीत कोनाडा न खणता सरळ चालले तर ८०० तासांहून थोडा अधिक काळ लागतो. खेळातील दिवस २० मिनिटांचा असतो. त्या मापाने हे सुमारे २,४०० दिवस झाले. प्रत्यक्षात मालिका दशकाहून अधिक काळ रेंगाळली, कारण चालणे भागाभागांनी होते आणि मध्ये आयुष्य असते.

आता वर सांगितलेली वजाबाकी या जगाला लावून पाहू. मॅकच्या जगातून बीजाचे जग वजा केले तर काय उरते? मातीत खणलेले काही कोनाडे, इकडेतिकडे एखादी खूण, आरंभीच्या वस्तीतील थोडे बांधकाम. वर्षानुवर्षांच्या श्रमाचे एवढेच फलित. या निकषाने मॅकला कर्ता म्हणणे अवघड. एखादा शाळकरी मुलगा सुटीच्या दोन दिवसांत याहून अधिक बांधतो. आणि तरीही हे जग मॅकचे आहे, याविषयी ते पाहणाऱ्या कोणाच्याही मनात संदेह नसतो. तेव्हा चूक आपल्या वजाबाकीत असली पाहिजे. आपण प्रत्येक खंडातला फरक मोजला. कोणता खंड आहे आणि कोणता नाही, हे मोजलेच नाही. मॅकच्या तबकडीवर जे जग नोंदलेले आहे त्याचा नकाशा काढला तर ती एक पट्टी असेल : चालणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना नजर पोचेल तेवढी रुंद, आणि लक्षावधी ठोकळे लांब. पट्टीच्या उत्तरेला व दक्षिणेला काही नाही. ती पट्टी बीजाने ठरवलेली नाही. बीजाला सर्व दिशा सारख्या. पश्चिमेकडची ही एकच चिंचोळी भूमी अस्तित्वात आली ती एक माणूस तिथून गेला म्हणून. चालणे हीच येथे लेखनक्रिया आहे, आणि हे विधान अलंकारिक नाही. पाऊल पुढे पडते तेव्हा खरोखरच तबकडीवर काहीतरी लिहिले जाते.

मराठी अभ्यासकाला या ठिकाणी महानुभावांच्या 'स्थानपोथी'चे स्मरण होणे स्वाभाविक आहे. चक्रधरस्वामी ज्या ज्या स्थळी गेले, बसले, निजले, त्या स्थळांची दिशांसह नोंद करणारा हा ग्रंथ वाङ्मयीन निकषांवर नेहमी उपेक्षित राहिला. त्यात ना कथा, ना निरूपण. गावाच्या कोणत्या अंगाला देऊळ, देवळाचे दार कोणत्या दिशेला, असा तो सगळा मजकूर. परंतु त्याची तर्करीती विलक्षण आहे. स्थळ महत्त्वाचे का, तर तिथे कोणी तरी होते म्हणून. इतर गुणांची आवश्यकता नाही. मॅकच्या पट्टीतील एखादी सामान्य टेकडी याच तर्काने जगात आहे. साम्य येथे संपते. स्थानपोथीतील स्थळे पुन्हा भेटीसाठी नोंदली गेली, त्यांना वंदन करणारा समुदाय होता; मॅक मागे फिरत नाही आणि त्या टेकडीवर दुसरे कोणी जाणार नाही. त्याच्या चालण्याची पंढरीच्या वारीशी सांगड घालण्याचा मोह याच कारणाने आवरावा. वारीला सोबत असते, दरवर्षीचे आवर्तन असते आणि वाटेच्या शेवटी विठ्ठल असतो. इथे वाटेच्या शेवटी गुणाकाराची चूक आहे.

एकट्याने दीर्घकाळ जोपासलेल्या जगांचा विचार करताना मानसशास्त्रातील 'पॅराकॉझम' ही संज्ञा हटकून पुढे केली जाते. रॉबर्ट सिल्व्ही यांनी रूढ केलेली ही संज्ञा बालपणी रचलेल्या सविस्तर कल्पित जगांसाठी आहे, आणि तिचे सर्वांत गौरवलेले उदाहरण ब्राँटे भावंडांचे. जून १८२६ मध्ये वडिलांनी लीड्सहून ब्रॅनवेलसाठी लाकडी शिपायांचा संच आणला. त्यातून प्रथम 'ग्लास टाउन', मग शार्लट व ब्रॅनवेल यांचे 'अँग्रिया' आणि एमिली व ॲन यांचे 'गोंडाल' ही राज्ये वाढली. शार्लटने १८३९ च्या सुमारास अँग्रियाचा निरोप घेतला. एमिली मात्र १८४५ मध्ये, सव्वीस वर्षांच्या वयात, ॲनसोबत यॉर्कच्या प्रवासात गोंडालची पात्रे होऊन वावरत होती. ही उदाहरणे आपल्या विषयाच्या जवळची वाटतात, पण पुरेशी जवळची नाहीत. ब्राँटेंच्या जगात कोणताही डोंगर आधी नव्हता. तो वाक्याने उभा केला तेव्हा आला. त्यांच्या जगाला प्रतिकार नव्हता. माइनक्राफ्टचे जग प्रतिकार करते. समोर समुद्र आला तर तो ओलांडावा लागतो. मनाला येईल तसा तो आटवता येत नाही.

म्हणून माझ्या मते अधिक उपयुक्त तुलना फ्रान्समधील ओतरीव्ह गावच्या फेर्दिनाँ शव्हाल या टपालवाल्याशी होईल. रोजच्या टपाल-फेरीत पायाखाली आलेले दगड उचलून आणून त्याने १८७९ ते १९१२ या ३३ वर्षांत एकट्याने आपला 'आदर्श प्रासाद' बांधला. १० हजार दिवस आणि ९३ हजार तास, असा त्याचा स्वतःचाच हिशेब त्या वास्तूवर कोरलेला आहे. १९६९ मध्ये आंद्रे मालरो यांच्या पुढाकाराने तिला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. शव्हालचे दगड त्याने घडवलेले नव्हते. ते वाटेत होते. त्याचे कर्तृत्व आधी निवडीत आणि मग सातत्यात आहे. चंदीगढमधील नेकचंद यांनी पाडलेल्या गावांच्या राडारोड्यातून, सरकारी जमिनीवर, वर्षानुवर्षे गुप्तपणे उभी केलेली आणि १९७६ मध्ये लोकांना खुली झालेली दगडी बाग याच कुळातली. या दोघांपाशी निदान वास्तू उरली. मॅकने त्यातील बांधकामही वगळले आणि फेरी तेवढी ठेवली.

येथे आपल्या सौंदर्यविचारापुढे एक खरी अडचण उभी राहते. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य'मध्ये मांडलेली संवाद, विरोध व समतोल ही लयतत्त्वे असोत किंवा सेंद्रिय एकात्मतेची पाश्चात्त्य कल्पना असो, दोन्हींना कृती पुरी झालेली असावी लागते. अंगांचे परस्परांशी नाते तपासावयाचे तर अंगे किती ते ठरलेले हवे. दीर्घकाळ चालू असलेले जग या अटीत बसत नाही. खेळाला औपचारिक शेवट आहे. २०११ पासून तिथे जूलियन गॉफ या आयरिश लेखकाने लिहिलेला एक दीर्घ गद्यकाव्यवजा मजकूरही झळकतो. पण तो मजकूर सरकून गेला की खेळाडू पुन्हा आपल्याच घरासमोर उभा असतो आणि जग पूर्ववत चालू राहते. शेवट हा येथे एक प्रसंग आहे. मॅक ज्या आवृत्तीत आहे तिच्यात तर तोही नाही. अशा कृतीची एकात्मता रचनेत शोधून मिळणार नाही. ती 'तोच माणूस, तेच जग, अजूनही' या सलगतेत आहे. रोजनिशीची एकात्मता काहीशी अशीच असते, परंतु रोजनिशीत न लिहिलेले दिवसही जगलेले असतात. येथे न चाललेली भूमी नसतेच.

मालिकेतील बोलणे हा स्वतंत्र विचाराचा विषय आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकाला भाषेचा आधार मिळतो तो इथेच. प्रवासवर्णन म्हणावे तर या बोलण्यात प्रदेशाचे वर्णन फारच थोडे. अंतराळयाने, स्वतःच्या आयुष्यातील घडामोडी, प्रेक्षकांचे प्रश्न असे काहीही त्यात येते. मध्येच एखादी दरी आली की वाक्य अर्धे सोडून ती ओलांडली जाते आणि वाक्य पुन्हा उचलले जाते. जात्यावरच्या ओवीची रीत ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे अपरिचित वाटू नये. हात एका फेरीत गुंतलेले असतात, त्या फेरीला लक्ष लागत नाही, आणि म्हणून मन माहेरी, शेतात, देवाच्या दारी कुठेही जाऊ शकते. जात्याविषयीच्या ओव्या आहेत, पण ओवी जात्याविषयी असावी असे बंधन नाही. श्रमाचा एकसुरीपणा ही बोलण्याची पूर्वअट असते. मालिका कंटाळवाणी आहे, असा आक्षेप घेतला जातो आणि तो खोटा नाही. तासन्‌तास तीच हिरवळ, तीच वाळू. परंतु भूमी सतत नवलाची असती तर हा मनुष्य केवळ भूमीविषयी बोलला असता. ओवीशी असलेला फरकही स्पष्ट करावयास हवा. ओवीची रचना पिढ्यांनी घासून दिलेली असते, तिला छंद असतो. मॅकच्या बोलण्याला असा साचा नाही आणि त्यातील पुष्कळसे बोलणे, खरे सांगावयाचे तर, विसरण्याजोगे आहे.

अंतराची जाणीव मात्र या मालिकेत अतिशय कुशलतेने हाताळली गेली आहे. कळफलकावरील 'एफ-३' ही कळ दाबली की आपण मूळबिंदूपासून किती दूर आहोत ते पडद्यावर दिसते. मॅक ती कळ दाबत नाही. रुग्णालयातील मुलांना खेळ पुरवणाऱ्या 'चाइल्ड्स प्ले' या संस्थेसाठी त्याने निधी जमवला, आणि निधीचे ठरलेले उद्दिष्ट गाठले गेले तरच तो अंतर पाहतो. त्यामुळे एरवी केवळ गणिती असलेला आकडा कथेतील रहस्यभेदासारखा राखून ठेवला जातो, आणि तो उलगडण्याची किंमत दुसऱ्याच कोणाच्या उपयोगी पडते. तरीही जगच त्याला अंतर कळवत राहते. संगणकातील दशांश संख्यांची अचूकता मूळबिंदूपासून दूर जाताना घटत जाते. पुरेसे दूर गेले की चाल सलग राहत नाही, पाऊल बारीक धक्क्यांनी पडू लागते, आणि हे धक्के अंतरागणिक वाढतात. बाख्तिन यांनी कादंबरीतील स्थळ आणि काळ यांच्या परस्परांत मिसळण्याला 'क्रोनोटोप' म्हटले. येथे ते मिसळणे इतके शब्दशः आहे की किती वर्षे गेली ते पडद्याच्या थरथरण्यावरून सांगता यावे.

मॅकने एक आवृत्ती धरून ठेवली. बहुसंख्य दीर्घकालीन जगांचा मार्ग याच्या उलट आहे. कॅनडातील 'एथो' या टोपणनावाच्या खेळाडूचे २०१० च्या अखेरीपासून चालत आलेले एकट्याचे जग घ्यावे. ते खेळाच्या नव्या आवृत्त्यांसोबत पुढे नेले गेले. अशा जगात काय घडते? आधी चाललेली भूमी जुन्या गणिताने घडलेली असते आणि नोंदलेली असल्याने ती तशीच राहते. आवृत्ती बदलल्यावर तिच्या सीमेपलीकडे पाऊल टाकले की पुढला खंड नव्या गणिताने घडतो. दोन्ही गणितांचे एकमेकांशी जुळत नसल्यामुळे सीमेवर सरळ रेषेत कापलेले कडे उभे राहतात : डोंगर मध्येच चिरलेला, नदी भिंतीवर आदळून थांबलेली. सप्टेंबर २०११ चा सांधा, ऑक्टोबर २०१३ च्या आवृत्तीचा सांधा, असे ते ओळखता येतात. खेळाडू कोणत्या वर्षापर्यंत कुठवर फिरला होता, हे जमिनीवर वाचता येते. हस्तलिखितात दोन लेखनिकांची अक्षरे जिथे बदलतात त्या जागेसारखी ही जागा असते. बहुतेक खेळाडू तिला कुरूप म्हणतात. काही जण ती मुद्दाम माती टाकून बुजवतात. पाठचिकित्सकाला मात्र तीच सर्वांत बोलकी वाटावी.

नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या १.१८ या आवृत्तीने या सांध्यांचा प्रश्न स्वतःच्या हाती घेतला. जगाची उंची २५६ ठोकळ्यांवरून ३८४ झाली, जुन्या भूमीच्या तळाखाली नवा थर घातला गेला, आणि जुन्या-नव्या भूमीच्या सीमेवर उतार आपोआप जुळवण्याची व्यवस्था करण्यात आली. सोयीच्या दृष्टीने ही सुधारणा स्वागतार्ह ठरली. संहितेच्या दृष्टीने पाहता येथे एक अदृश्य संपादक अवतरला आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये 'ज्ञानेश्वरी'ची पाठशुद्धी केली तेव्हा तिच्यात भर घालू नये अशी ताकीदही सांगून ठेवली. शोधकाचे नाव आणि काळ आपल्याला ठाऊक आहे. नव्या आवृत्तीचा संपादक आपली मुद्रा मागे ठेवत नाही. सांधा जुळवताना तो सांध्याचा पुरावा पुसतो. १.१८ नंतर प्रथमच चालल्या गेलेल्या सीमेवर पूर्वीसारखा कडा नाही, त्यामुळे खेळाडू कुठे थांबला होता हे आता डोळ्यांना सहज कळणार नाही. ते नोंदीच्या धारिकांतून खणून काढावे लागेल.

या दोन मार्गांपैकी मला मॅकचा मार्ग अधिक प्रामाणिक वाटत नाही, हे सांगितले पाहिजे. चाहत्यांच्या लेखी तो निष्ठेचा आदर्श आहे. परंतु त्याच्या जगात एकच काळ आहे, २०११ चा उन्हाळा; पट्टीचे पहिले टोक आणि शेवटचे टोक यांच्यामध्ये माणसाचे वय वाढले, पण भूमीला त्याचा पत्ता नाही. दोन खंडांमध्ये वर्षांचे अंतर असेल तरी ते पाहून ओळखता येणार नाही. त्याच्या कृतीतला काळ सगळा बोलण्यात आहे आणि धक्क्यांत आहे. उलट आवृत्त्यांसोबत वाहत आलेल्या विस्कळीत, कडेतुटक्या जगात भूमीनेच काळ धरून ठेवलेला असतो. कृती म्हणून पहिली अधिक विलक्षण आहे. संहिता म्हणून दुसरी अधिक श्रीमंत आहे. तुलनात्मक अभ्यासाने दोहोंसाठी एकच शब्द वापरू नये, एवढा आग्रह धरावासा वाटतो.

राहिला जतनाचा प्रश्न, आणि तो व्यवहाराचा आहे. मॅकची ध्वनिचित्रे जपली म्हणजे मालिका जपली जाईल. जग जपले जाणार नाही, कारण पाहणाऱ्याला त्यात मान वळवून दुसरीकडे पाहता येत नाही. नुसत्या धारिका जपणेही अपुरे आहे. बीटा १.७.३ वाचून त्या उघडल्या तर जुनी पट्टी दिसेल, पण तिच्या टोकापुढची भूमी वेगळ्या गणिताची असेल आणि एक कोटी पंचवीस लाखांपलीकडे भिंत नसेल. जुन्या आवृत्त्या कंपनीच्याच उघडणी-आज्ञावलीतून २०१३ पासून उपलब्ध करून देण्यात आल्या, ही कंपनीची सवलत होती, वाचकाचा हक्क नव्हे. हस्तलिखित सांभाळणाऱ्या संस्थेला पोथीची लिपी कोणाकडून भाड्याने घ्यावी लागत नाही. अशा जगाची चिकित्सित आवृत्ती सिद्ध करावयाची झाल्यास तिच्यात निदान चार गोष्टी एकत्र ठेवाव्या लागतील : बीज, नोंदलेल्या खंडांच्या धारिका, ज्या ज्या आवृत्तींत जग उघडले गेले त्या आज्ञावली, आणि कोणता खंड कधी प्रथम लिहिला गेला याची कालसूची. पैकी शेवटची गोष्ट जुन्या जगांच्या बाबतीत बहुधा मिळत नाही. संगणक बदलताना धारिका एका यंत्रावरून दुसऱ्यावर उतरवल्या जातात आणि जुन्या तारखांच्या जागी नव्या तारखा बसतात. ध्वनिचित्रमालिका असेल तर तिच्या भागांच्या प्रसिद्धीच्या तारखांवरून ही सूची अंशतः उभी करता येईल. ज्यांनी आपल्या जगाविषयी कधी काही प्रसिद्ध केले नाही, अशा असंख्य एकट्या खेळाडूंच्या बाबतीत सीमेवरचे ते कापलेले कडे हाच एकमेव पुरावा आहे.